आलंच आता

आमच्याकडे डोंगर उतरणारे सगळेच खोटं बोलतात.
कुणी धापा टाकत विचारलं, "अजून किती?"
की म्हणायचं, "आलंच आता. दहा मिनिटं."
ती दहा मिनिटं
घड्याळ लावून कुणी मोजलेली नाहीत.

मीही बोलले. एकतीस वर्षं.
ओसेकच्या फाटकासमोर माझी खानावळ:
बटाट्याची धिरडी, रानभाज्यांचा भात,
आणि गंजाची चव असलेलं झऱ्याचं पाणी.
पहाटे तीनला फाटक उघडतं.
कपाळावर दिवे बांधलेली माणसं
ओळीनं अंधारात शिरतात
आणि दुपारी लंगडत परत येतात.
"वाट कशी आहे हो?" नवखे विचारायचे.
"काही नाही, पायऱ्याच तर आहेत,"
मी म्हणायचे, धिरडं उलथत.
पहिल्या पुलापुढे
मी स्वतः कधी गेले नव्हते.

माथा मला ठाऊक होता तो लोकांच्या बुटांवरून.
तपकिरी चिखल म्हणजे धबधब्यापासून परत फिरलेला.
टाचेच्या खाचेत राखाडी खडी दिसली
की समजायचं, हा वर टेकून आला.
अशाला एक धिरडं जास्त, न सांगता.

चौसष्टाव्या वर्षी,
पानं लाल होऊन गर्दी उसळायच्या आधीच्या मंगळवारी,
शटरला कागद चिकटवला: आज बंद.
शेजारची छून-जा म्हणाली, "दवाखाना?"
म्हटलं, "हो."
पिशवीत चार काकड्या, भाताच्या दोन गुंडाळ्या,
आणि तोक-गूची काठी.
तोक-गू स्वतः पांघरुणातून म्हणाला,
"डोंगर काय पळून चाललाय?"
नव्हताच. पळून मी चालले होते.

पायऱ्या.
ज्या शब्दाला मी इतकी वर्षं हसले
तो मांड्यांत शिरला.
दगडी, मग लाकडी, मग पुन्हा दगडी,
राक्षसाच्या घरातून उचलून आणलेल्या.
दिव्याच्या उजेडात पुढच्याची टाच तेवढी दिसायची,
निळ्या मोज्यातली.
तिच्यामागे मी तासभर चालले.
चेहरा अजून माहीत नाही.

धबधब्यापाशी उजाडलं.
खारीनं काकडीचा देठ पळवला.
वरून एक पोरगा उड्या मारत आला,
आणि विचारू नये ते मी विचारलं.
"आलंच, आजी! दहा मिनिटं."
चोरावर मोर.
मनातल्या मनात त्याला खानावळीतून हाकलला,
बिलासकट.
पावणेदोन तास लागले.

माथ्यावर रांग.
लाल अक्षरांच्या दगडाला मिठी मारून
फोटो काढायला उभी असलेली, थंडीनं नाचणारी रांग.
वारा असा, की शब्द तोंडातच परत जावा.
गुडघाभर उंचीची पाइनची झाडं
जमिनीला छाती लावून पडलेली. शहाणी.
पूर्वेला समुद्र आहे म्हणतात;
ढग होते.
माझी पाळी आली. मागचा माणूस म्हणाला,
"मोबाइल द्या, काढतो तुमचा."
"नको," म्हटलं, "मी इथलीच."
म्हणताना जीभ जराशी अडखळली.

मग ढग एका जागी उसवला.
समुद्र नाही. खाली दरी,
दरीत निळ्या छपराचं टिंब.
आमच्या गावात सगळीच छपरं निळी,
पण बाकीच्यांतून धूर येत होता.
धूर नव्हता ते माझं.

उतरताना गुडघे माझ्याशी बोलेनात.
तिसऱ्या कठड्याला टेकून एक मुलगी बसलेली,
बूट नवेकोरे,
चेहरा उकडलेल्या बटाट्यासारखा.
"मावशी, अजून किती?"

खरं सांगायचं मी येतानाच ठरवलं होतं,
शपथ घेऊन, त्या पोराच्या नावानं.
तोंड उघडलं.
तिच्या बुटांकडे नजर गेली.
तपकिरी. नुसतेच तपकिरी.

शेवटची काकडी मोडून अर्धी तिला दिली.
"आलंच आता," म्हटलं. "दहा मिनिटं.
खाली आलीस की भांड माझ्याशी.
फाटकासमोर, निळं छप्पर.
बंद असं लिहिलंय त्यावर,
तू ठोठाव."